बत्तीस तासांचं वर्ष

नोव्हेंबर लागला की माझ्या मानेला खाज सुटते. इथे, धानाच्या शेतांपासून शेकडो कोसांवर, थंडगार केलेल्या खोलीत, धुतलेल्या कॉलरखाली. डॉक्टरला दाखवायची सोय नाही, कारण दाखवायला काही नसतंच. मळणीच्या दिवसांत धानाची कुसं मानेवर बसतात आणि दोन आंघोळींनी जात नाहीत, हे आमच्याकडच्या कुणालाही ठाऊक आहे. त्यातली थोडी माझ्या कातडीनं कायमची ठेवून घेतली असावीत. यंदाही तसंच झालं. समोर पडद्यावर एका ताऱ्याचे आकडे होते, हात मानेवर गेला, आणि मी करडी गावातल्या आमच्या खळ्यावर जाऊन बसले. काम तासभर तसंच पडून राहिलं.

तो मोसम दोन वर्षांपूर्वीचा. बाबा जन्मभर एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे तीन एकर धान आणि एक कुरकुरणारा गुडघा एवढंच उरलं, आणि त्या वर्षी गुडघ्यानं संपच पुकारला. आईचा फोन आला, "तुझे बाबा खाटेवर बसून साऱ्या गावाले हुकूम सोडून राहिले. तू ये. त्याइले बोलाले कोणी तरी पाहिजे." मी पंधरा दिवसांची रजा टाकली आणि लॅपटॉप घेऊन गाडीत बसले. रजा नावाला. माझा ग्रह माझ्याबरोबरच आला होता.

माझा ग्रह म्हणजे काय, ते सांगायला हवं. मी दुसऱ्या सूर्यांभोवतीचे ग्रह शोधते, तेही आपल्या ताऱ्याला अगदी चिकटून फिरणारे. असा ग्रह दिसत नाही. ताऱ्याच्या झगझगाटात तो बुडून जातो. पण फिरता फिरता तो ताऱ्याला थोडं ओढतो, आणि एवढा मोठा तारा त्या ओढीनं जागच्या जागी डुलतो. जरा आपल्याकडे येतो, जरा दूर जातो. ताऱ्याचा प्रकाश फोडला की रंगांचा पट्टा मिळतो, त्यात हजारो बारीक काळ्या रेषा असतात. तारा आपल्याकडे येत असला तर त्या रेषा किंचित जांभळ्याकडे सरकतात, दूर जात असला तर तांबड्याकडे. किती सरकल्या यावरून ताऱ्याचा वेग कळतो. मी दोन हिवाळे ज्याच्यामागे होते तो तारा सेकंदाला पाचेक मीटर वेगानं पुढे-मागे होत होता. बाबा तरुणपणी सायकलवरून मोहाडीला जायचे तो वेग साधारण एवढाच.

हे मी कितीदा सांगितलं असेल, पण सांगताना अजून मीच मधे थांबते. एक अख्खा सूर्य, सायकलच्या वेगानं डुलणारा, आणि तो आपल्याला इथून कळतो. त्याचा प्रकाश तिथून निघाला तेव्हा माझे आजोबा शाळेच्या वर्गाबाहेर, व्हरांड्यात बसून पाढे ऐकत होते. आत बसायची त्यांना मुभा नव्हती. तो प्रकाश वाटेत असताना आजोबा मोठे झाले, त्यांनी दीक्षा घेतली, मुलाला शिकवलं, आणि तो प्रकाश पोचला तो त्यांच्या नातीच्या टेबलावर. मला यात कुणाचा हात आहे असं वाटत नाही. नवल मात्र वाटतं, आणि ते कमी होत नाही.

माझ्या ग्रहाचं वर्ष चार दिवसांचं निघालं होतं. चार दिवसांत ताऱ्याभोवती एक फेरी. ही बातमी मी बाबांना फोनवर दिली तेव्हा त्यांनी आधी आपल्या तेहतीस वर्षांच्या नोकरीचा हिशोब मांडला. मग म्हणाले, "म्हणजे तिथं मी तीन हजार वर्षं तिकिटं फाडली असती." त्यानंतर त्यांना थांबवणं कुणाला जमलं नाही. कंडक्टर माणूस, भंडाऱ्यापासून तुमसरपर्यंत प्रत्येक थांब्यावर ओळख. पितळी भांड्यांच्या दुकानात, दवाखान्याच्या रांगेत, कारध्याच्या टपरीवर, सगळीकडे त्यांनी सांगून टाकलं. मी करडीला पोचले तर माझा सत्कार ठरलेला. विहाराच्या अंगणात, येत्या रविवारी सायंकाळी. भंडाऱ्याहून फ्लेक्ससुद्धा छापून आला होता. त्यावर माझा दहावीतला फोटो, आणि खाली बाबांनी स्वतः लिहून दिलेला मजकूर: "ज्याचे वर्ष फक्त ४ दिवसांचे, असा ग्रह शोधणारी करडीची कन्या". शोधनिबंध अजून कुठे पाठवलेलाही नव्हता. तो त्याच आठवड्यात जायचा होता.

आमच्याकडे आता सगळं धान यंत्रातून निघतं. बिजाईचं तेवढं बाबा यंत्राला लावू देत नाहीत. यंत्र घरोघर फिरतं, त्याच्या पोटात दुसऱ्याच्या वाणाचे चार दाणे राहून जातात, आणि पुढच्या वर्षी आपल्या शेताच्या बांधीत भलतंच काही उगवतं. म्हणून बियाण्याचं धान अजून बैलांच्या पायांखालीच मळायचं. खळ्याच्या मधोमध लाकडी खांब पुरायचा, त्याला दावं बांधून बैल फिरवायचे. आता बैलही आमचे राहिले नाहीत. शेजारच्या शामरावकाकांची जोडी येते, एक पांढरा आणि एक तांबडा, आणि जोडीबरोबर काकाही येतात, कारण दुसऱ्याच्या हाती ते बैल देत नाहीत.

लहानपणी या खांबाचा आमचा एक खेळ होता. खांबाला पाठ लावून बसायचं, डोळे मिटायचे, आणि बैल कोणत्या बाजूला आहे ते सांगायचं. खांब कितीही घट्ट पुरला तरी बैल ज्या अंगाला असेल त्या अंगाला तो तसूभर ओढला जातो, आणि ते पाठीला कळतं. या खेळात मला कुणी हरवलं नाही. पुढे विद्यापीठात सरांनी फळ्यावर तारा आणि ग्रह काढून ओढीचं गणित मांडलं, तेव्हा वर्गात मी एकटीच हसले होते. सरांनी कारण विचारलं, मला सांगता आलं नाही.

तर त्या गुरुवारी दुपारी खळं चालू होतं. ऊन कोवळं, तणसीचा, धानाच्या वाळल्या काडाचा, वास कोरडा आणि गोड, हवेत भुशाचे कण तरंगत होते. शामरावकाका बैलांमागे. आई पेंढ्या आणून टाकत होती. मी कडेला पोत्यावर लॅपटॉप मांडीत घेऊन निबंधावर शेवटचा हात फिरवत होते. बाबा खाटेवर आडवे, भुसा डोळ्यांत जाऊ नये म्हणून तोंडावर दुपट्टा. आईनं पेंढी टाकली की धप्प आवाज व्हायचा, तेवढ्यापुरता ते दुपट्टा वर करायचे, खळ्याकडे एक नजर टाकायचे, आणि पुन्हा झाकून घ्यायचे. आई पेंढ्या टाकायची ती घड्याळ लावल्यासारखी.

असं सात-आठदा झाल्यावर बाबा दुपट्ट्याखालून म्हणाले, "शामराव, बैल उलटे चालवून राहिला का गा?"

काकांना राग आला. "उलटे कायले चालवीन? सकाळपासून सीधेच फिरून राहिले."

"मले तं पांढरा दर खेपेले मागं गेलेला दिसते. आता भिंतीजवळ, मंग कडुनिंबाजवळ, मंग इकडं."

"डोळे उघडे ठेवून पाहा मंग. झाकून-उघडून काय समजन?"

आई हसली, मीही हसले. बाबा एका धप्पपासून दुसऱ्या धप्पपर्यंत आंधळे होते. तेवढ्यात पांढरा पाऊण फेरी पुढे जायचा, आणि पाऊण फेरी पुढे गेलेला बैल पाव फेरी मागे आल्यासारखा दिसतो. चार नजरांत त्याची उलटी फेरी पूर्ण व्हायची. मी मनातल्या मनात हे गणित करून पाहिलं, गंमत वाटली, पुन्हा लॅपटॉपकडे वळले, आणि माझे हात थांबले.

मी माझ्या ताऱ्याकडे कधी पाहत होते? रोज रात्री एकदा. तेही रोज जवळजवळ एकाच वेळी, तो माथ्यावर आला की. तसंच पाहायला शिकवलेलं असतं. माथ्यावर असताना मधली हवा कमी, प्रकाश स्वच्छ. म्हणजे एका रात्रीपासून दुसऱ्या रात्रीपर्यंत माझ्याही तोंडावर दुपट्टा होता. ग्रह चोवीस तासांत पाव फेरी मारत असेल तर वर्ष चार दिवसांचं. पण तो तेवढ्याच वेळात पाऊण फेरी मारत असेल, तर मला दिसणारे आकडे अगदी तेच असतील. कुठल्या दिशेनं फिरतो ते आमच्या मापात कळत नाही. पाऊण फेरी चोवीस तासांत, तर पूर्ण फेरी बत्तीस तासांत.

ही चूक नवी नाही. पुस्तकात आहे, मी स्वतः ती विद्यार्थ्यांना शिकवते. मी ती तपासलीही होती, आणि चार दिवसांचा आकडा थोडा बरा बसतो म्हणून तोच धरला होता. खरं कारण वेगळं होतं, ते आज लिहून टाकते. चार दिवस हा आकडा मी बाबांना सांगून बसले होते.

संध्याकाळी हातपाय धुऊन बाबांजवळ बसले आणि सगळं सांगितलं. ते ऐकत होते. विहाराच्या भिंतीला उभा करून ठेवलेला फ्लेक्स आमच्या अंगणातून दिसत होता.

"म्हणजे ग्रहच नाई का?" त्यांनी विचारलं.

"ग्रह आहे बाबा. त्याचं वर्ष बहुतेक चुकलं."

"बहुतेक म्हणजे? रविवारी मी लोकाइले बहुतेक सांगू?"

सत्कार पुढे ढकला, असं मी म्हणणार होते. बाबांनी गुडघ्यावर हात फिरवला. "तेहतीस वर्षं गाडीवर होतो. चुकीचं सांगून कोणाले चुकीच्या फाट्यावर उतरवलं नाई. आता पोरीच्या नावानं उतरवू?" आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. मग म्हणाले, "कसं समजन, ते सांग."

समजण्याची रीत सोपी होती. दुपट्टा वेगळ्या वेळी उचलायचा. हिवाळ्याची रात्र लांब. माझा उत्तरेकडचा तारा संध्याकाळी उगवताना आणि पहाटे मावळतीला, दोन्ही वेळा थोडा का होईना हाती लागत होता. पहाटेचं एक माप आणि त्याच दिवशी संध्याकाळचं दुसरं, मधे तेरा तास. वर्ष चार दिवसांचं असेल तर तेरा तासांत ताऱ्याचा वेग फारसा बदलणार नाही. बत्तीस तासांचं असेल तर पहाटे दूर जाणारा तारा संध्याकाळी आपल्याकडे येत असेल. दुर्बिणीवर माझा सहकारी मुरली होता. त्याला कळवलं, तो म्हणाला शनिवारपर्यंत ढग आहेत, रविवारी मिळेल. मी निबंध थांबवल्याचं सहलेखकांना कळवून टाकलं. उत्तरादाखल आलेलं पत्र फार प्रेमळ नव्हतं.

मधले दोन दिवस मी खळ्यावर राबले. दाणे वारवले, तणस रचली, मान सोलून निघाली. आणि सारखा तो ग्रह डोळ्यांसमोर येत राहिला. इतक्या जवळ फिरणाऱ्या ग्रहाची एकच बाजू बहुधा सदैव ताऱ्याकडे असते. तिथे दिवस उगवत नाही, मावळत नाही. एका अंगाला दगड वितळावेत असं कायमचं ऊन, दुसऱ्या अंगाला कायमचा काळोख. बत्तीस तासांत एक वर्ष संपतं, आणि त्या वर्षात पेरणी नाही, रोवणी नाही, कापणी नाही. एकही ऋतू नाही. मी सुपातून दाणे सोडत होते, भुसा उडून जात होता, आणि एवढं धान पिकायला लागलेल्या चार-साडेचार महिन्यांत तिथे शंभर वर्षं होऊन गेली असतील हा विचार आला तेव्हा सूप हातातच राहिलं. आपल्याला ऋतू मिळाला आहे, हे मी जन्मल्यापासून कधी लक्षात घेतलं नव्हतं. आईनं विचारलं, "काहून थांबली?" मी म्हटलं, वारा पडला.

रविवारी सकाळी पहिलं माप आलं. तारा दूर जात होता, सेकंदाला साडेचार मीटरनं. दोन्ही शक्यता अजून जिवंत होत्या.

सायंकाळी विहाराच्या अंगणात सतरंज्या पडल्या. फ्लेक्स लागला होता, पण "४ दिवसांचे" या शब्दांवर एक कोरा कागद चिकटवलेला होता. बाबांनी दुपारी खुर्चीवर चढून, त्या गुडघ्यासकट, तो खळीनं चिकटवला होता. येणारा प्रत्येक जण विचारायचा, आणि बाबा प्रत्येकाला सांगायचे, "आज समजन. थांबा." वंदना झाली. सरपंचबाईंनी शाल दिली. दोन भाषणं झाली. फोन माझ्या ओंजळीत होता आणि लोकांचं लक्ष माझ्याकडे कमी, फोनकडे जास्त होतं. तिसरा वक्ता उठला तोच बाबा त्याला म्हणाले, "जरा बसा." अंगणात दीडशे माणसं असतील. शेंगा फोडल्याचा आवाजसुद्धा बंद झाला. नव्वद वर्षं वाटेत असलेल्या प्रकाशातून निघणाऱ्या एका आकड्यासाठी करडी गाव बसून होतं. माझ्या साऱ्या शिक्षणात मी एवढं मोठं काही पाहिलेलं नाही.

आठ वाजून गेल्यावर मुरलीचा निरोप आला. एकच आकडा, त्याआधी उणे चिन्ह. उणे म्हणजे आपल्याकडे येणारा. पहाटे दूर चाललेला तारा तेरा तासांत वळून परत येत होता.

मी बाबांकडे पाहिलं आणि हातानं खूण केली, आपल्याकडे. त्यांनी माइक घेतला. "मी तुमाले चार दिवस सांगतलं होतं. ते चूक होतं. चूक माझ्या पोरीची, अन् धरली बी तिनंच. बत्तीस तास." एवढं बोलून माइक खाली ठेवला. टाळ्या लगेच वाजल्या नाहीत. लोक वर बघत होते. त्या दिशेला तो तारा डोळ्यांना दिसणारच नव्हता, मी तसं सांगायला हवं होतं, पण मीही वरच बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा धुतलेले कपडे घालून तयार. "कुठं?" आई म्हणाली. "ज्याइले चार सांगतलं त्याइले बत्तीस सांगाले." डॉक्टर, गुडघा, काही ऐकलं नाही. मी सोबत निघाले. आमच्या क्षेत्रातही चुकीची दुरुस्ती छापतात, बारीक अक्षरांत, आणि ती कुणी वाचत नाही. बाबांनी दुरुस्ती दारोदार नेली. पितळी भांड्यांच्या दुकानात, दवाखान्यात, बसस्थानकावर. सगळ्यात शेवटी कारध्याला, पुलाजवळच्या मनोहरच्या टपरीवर.

मनोहर सगळं विसरून गेला होता. "कोणता ग्रह, कंडक्टरसाहेब?"

मग बाबांनी त्याला आधी जुनी चूक पहिल्यापासून सांगितली, म्हणजे ती दुरुस्त करता यावी. मनोहरनं चहा उतू जाता जाता उतरवला. "अन् तारा येऊन राहिला का जाऊन राहिला, हे एवढ्या दुरून समजते कसं? दिसते का?"

मी तोंड उघडलं होतं. बाबांनी हात वर करून मला थांबवलं. हे मी त्यांना कधी नीट सांगितलं नव्हतं, त्यांना झेपणार नाही असं धरून चालले होते.

"रातच्याले फाट्यावर उभा राहून गाडीची वाट पाहिली असशीन ना?" ते मनोहरला म्हणाले. "गाडी दिसत नाई, भोंगा आयकू येते. येऊन राहिली असन तं आवाज बारीक, चढा. निघून गेली का जाडा, उतरलेला. डोळे मिटले तरी समजते. उजेडाचं बी तसंच आहे. येताना त्याचा सूर चढते, जाताना उतरते. हे पोरगी उजेडाचा भोंगा आयकते, दुसरं काही नाई."

पुलावरून ट्रक चालले होते, एक येणारा, एक जाणारा. मनोहर हातातलं भांडं तसंच धरून ऐकत उभा राहिला, दोन्ही ट्रकांचे भोंगे विरून जाईपर्यंत. बाबा थांबले होते, त्यानं नीट ऐकावं म्हणून. त्यांच्या सांगण्यात एकही चूक नव्हती. मी शोधत होते, सवयीनं, आणि मला सापडली नाही.